खाटलीवरची पाठमोरी बाई

माणसं आपला दिवस कशात घालवतात, हे टिपून आणण्याचं काम मी सुरतेत वर्षभर केलं. श्रमाच्या अर्थशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापिकांचा तो प्रकल्प होता. घरी बसून काम करणाऱ्या बायकांचा वेळ कुठे जातो आणि त्यामुळे त्यांच्या मुलींची शाळा टिकते की सुटते, हे त्यांना शोधायचं होतं. माझं शिक्षण कवितेचं. त्यांनी मला घेतलं ते केवळ मला खानदेशातल्या बायकांची बोली कळते म्हणून. माझं आजोळ अमळनेरकडचं.

कामाच्या दोन रीती होत्या. एक विचारण्याची: काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केलंत, ते अर्ध्या अर्ध्या तासाने सांगा. दुसरी पाहण्याची, आणि तिच्यावर प्राध्यापिकांचा अधिक विश्वास होता. टॅबलेट दिवसा-रात्री केव्हाही वाजायचा. वाजला की नेमून दिलेल्या गल्लीतून चालत जायचं आणि प्रत्येक घराच्या दारा-खिडकीतून पहिल्या नजरेला जे दिसेल ते लिहायचं. गल्लीतल्या घरांनी तशी संमती दिलेली होती. "दुसऱ्यांदा पाहू नका," प्राध्यापिका सांगायच्या. "दुसऱ्या नजरेत आपण गोष्ट रचायला लागतो."

माझी गल्ली गोडादऱ्यात होती. तिथे पूर्ण शांतता अशी नसतेच. मागच्या खात्यांमधल्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यांमधल्या, लूमची धडधड अहोरात्र चालू असते. भिंतीला टेकून बसलं की ती पाठीच्या मणक्यातून वर चढते आणि थोड्या दिवसांनी ती आपलीच वाटू लागते. दिवाळीला लूम बंद पडतात, गल्ली गावाकडे जाते, आणि मागे राहिलेल्यांना म्हणे त्या शांततेत झोप लागत नाही.

दिवाळीच्या आधी मी घरोघर नावं नोंदवत होते तेव्हा, ज्याची ही गोष्ट आहे त्या घरात पहिल्यांदा गेले. पुढची खोली, मागची खोली, बस्स. पुढच्या खोलीत खिडकीपाशी खाटली होती. लाकडाची बुटकी चौकट, तिच्यावर साडीचा काठ ताणून बांधलेला, आणि त्याच्यावर आरीने, म्हणजे आकड्याच्या सुईने, मोती आणि जर भरायची. उजवा हात कापडाच्या वर, डावा कापडाच्या खाली, दिसत नसलेला. उजेड खांद्यावरून कापडावर पडावा म्हणून बाई खिडकीकडे पाठ करून बसली होती. चाळिशीच्या अलीकडची, सडपातळ. माझ्या प्रश्नांची उत्तरं देताना ती एकदाही थांबली नाही. ताणलेल्या कापडातून आरी जाताना टुक् असा बारीक आवाज यायचा, आणि तिची वाक्यं त्या आवाजांच्या मधल्या जागेत बरोबर मावायची.

तिची मुलगी दहावीत, महापालिकेच्या मराठी शाळेत होती. उंबऱ्यावर बसून मोठ्याने वाचत होती. नवरा पांडेसऱ्याच्या डाइंगच्या कारखान्यात, बारा तासांच्या पाळीवर. पंधरवडा दिवसपाळी, पंधरवडा रातपाळी. त्या दिवशी सुट्टी म्हणून तो भिंतीशी पाय पसरून बसला होता.

"हिचे हात चालताहेत तोवर पोर शिकंल," तो मला म्हणाला. "खाटली रिकामी दिसली की काम देणारी ठेकेदारीण उचलून नेते. मग पुन्हा मिळत नाही. तिच्यावर कुणीतरी बसलेलं पाहिजे."

"कुणीतरी बसंल," बाई म्हणाली. टुक्. "पोर नाही बसणार."

"मग काय मी बसू, लुगडं नेसून?"

मुलगी पुस्तकात तोंड घालून हसली. बाईसुद्धा हसली. मी लिहून घेतलं: मुलगी, दहावी, परीक्षा मार्चमध्ये. घरकामात मदत: भांडी, पाणी. खाटलीवर काम: नाही.

दिवाळीनंतर गल्ली परतली, लूम सुरू झाले आणि माझ्या पाहण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या आठवड्यात मला काही वावगं वाटलं नाही. टॅबलेट सकाळी आठला वाजला, मी गेले. ती खाटलीवर होती, खिडकीकडे पाठ, डोक्यावरून मोहरी रंगाच्या साडीचा पदर. दुपारी दोनला वाजला. ती खाटलीवर होती. संध्याकाळी सहाला, तशीच. एकदा भर दुपारी, गल्लीतली कुत्रीसुद्धा सावलीला निपचित पडलेली असताना, ती तशीच. एकदा पहाटे पाचला टॅबलेट वाजला. मी चरफडत उठले, रिक्षा करून गेले. गल्ली निजलेली होती. एकाच खिडकीत ट्यूबलाइट होती आणि तिच्याखाली मोहरी रंगाची पाठ किंचित हलत होती. टुक्. टुक्.

बाकीच्या घरांच्या नोंदींमध्ये माणसांचा दिवस दिसायचा: एकजण दात घासतोय, कुणी पोळ्या लाटतंय, कुणी भांडतंय, कुणी नुसतंच बसलंय. या एका घराच्या रकान्यात एकच शब्द वरपासून खालपर्यंत उतरत गेला होता. मी तिला जेवताना पाहिलं नव्हतं. केस विंचरताना पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा दिवाळीनंतर मी पाहिलाच नव्हता.

मला वाटलं, मार्चपर्यंत मुलीला वाचवायचं म्हणून ही स्वतःला जाळते आहे.

मग मी दुसऱ्या नजरेने पाहू लागले. तसं करायचं नव्हतं, पण केलं. एके दिवशी तिच्या मनगटावर हिरव्या बांगड्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी नुसता काळा दोरा. एका सकाळी मानेवर गोंदणाचे तीन ठिपके दिसले, जे आदल्या दिवशी नव्हते. खांदे कधी अरुंद असत, कधी रुंद. खिडकीवरून जाताना एकदा पेपरमिंटच्या बामचा वास आला, एकदा चिरलेल्या मेथीचा, एकदा तान्ह्या बाळाच्या तेलाचा. पदर मात्र तोच असायचा. आणि आवाज तोच. वाटेल त्या मनगटातून, वाटेल त्या वासातून, त्याच अंतराने: टुक्, आणि मग एक श्वास मावेल एवढी जागा, आणि टुक्.

त्या घरासमोरून जाताना माझी पावलं आपोआप हलकी पडू लागली. पाठमोऱ्या माणसाची भीती वाटते ती ते वळेल म्हणून. मला भीती वाटू लागली की हे वळणारच नाही.

गल्लीच्या तोंडाशी ठेकेदारीण स्कूटर लावून उभी राहायची. ती गुजराती, पन्नाशीची, कपाळावर गॉगल चढवलेला. प्रत्येक खिडकीकडे मान लांब करून बघायची आणि एखादी खाटली रिकामी दिसली की हॉर्न वाजवायची. एकदा तिने मला हटकलं.

"बेन, तुम्ही तो आत जाते ने? ती मोहरीवालीची तबियत सारी छे ने?"

तब्येत बरी आहे ना, असं ती विचारत होती. "कामात असते," मी म्हणाले.

"हा, काम तो करे छे. एक खाटली, एक हाथ. हाथ बदलला तो वेपारी माल पाछो मोकले." हात बदलला की टाका बदलतो आणि व्यापारी साडी परत धाडतो, म्हणून एका खाटलीवर दुसरा हात तिला चालत नसे. तिने खिडकीकडे पुन्हा एकदा पाहिलं. "पण बोलत नाही हल्ली. आधी बहु बोलायची."

जानेवारीत प्राध्यापिकांचा फोन आला. माझ्या नोंदी त्यांच्यासमोर होत्या.

"या घरचं तुम्ही काय पाठवलंय? हे खरं धरलं तर ही बाई जेवत नाही, झोपत नाही, मोरीतसुद्धा जात नाही. अशी बाई मी तीस वर्षांत पाहिलेली नाही. एक तर तुमची नजर चुकते, नाही तर तुम्ही न जाताच लिहिता. जाऊन बघा."

त्याच दिवशी तीनच्या सुमारास मी गेले. खिडकीतून हाक मारली. पाठ हलली नाही, आरी चालत राहिली. मी दारातून आत गेले, तिच्या मागे दोन हातांवर उभी राहिले आणि म्हणाले, "ताई, जरा बोलायचं होतं."

कापडाखालचा डावा हात बाहेर आला. मान न वळवता त्या हाताने मागच्या खोलीकडे बोट दाखवलं, आणि तो पुन्हा कापडाखाली गेला.

मागच्या खोलीत अंधार होता. त्या अंधारातून आवाज आला, जड, शब्द एका बाजूने घसरणारे, पण मी ओळखला. दिवाळीआधी मी ज्या बाईशी बोलले होते तिचाच तो आवाज होता, आणि ती तर माझ्यासमोर खाटलीवर बसलेली होती.

"दोरा ढिला सोड," तो आवाज म्हणाला. "वढू नको."

खाटलीवरच्या हाताने दोरा ढिला सोडला.

माझ्या अंगावर आलेला काटा मला अजून आठवतो. तो मानेपासून नाही, तळपायांपासून वर आला. तेवढ्यात खाटलीवरच्या बाईने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि वळून पाहिलं. ती भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या घरातली काकी होती. पेपरमिंटचा बाम लावणारी.

"बसा ताई," ती म्हणाली. "बसा, पडाल नाही तर. खिडकीतून दिसू नका तेवढं."

आतल्या खाटेवर घरची बाई भिंतीकडे तोंड करून निजलेली होती. भाऊबीजेच्या दिवशी गावाला, चुलीपुढे बसल्या बसल्या तिची उजवी बाजू गेली. धुळ्याला दवाखान्यात ठेवली, मग इथे आणली. डॉक्टरांनी सांगितलं, हात परत येईल न येईल. आल्याच्या रात्री नवरा भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, आता पोर बसंल उद्यापासून. दुसरा इलाज नव्हता. हे भिंतीपलीकडे काकीला ऐकू गेलं. सकाळी सातला, पोरीने आरी हातात घ्यायच्या आत, काकी येऊन खाटलीवर बसली.

"मग ही आली, मग ती आली," काकी म्हणाली. "पाच जणी झालो. जिला जसा वेळ. आठ दिवस जुन्या चिंधीवर नुसतं शिकलो. ही निजल्या जागेवरून आवाज ऐकायची आणि शिव्या द्यायची. माझ्या सासूने दिल्या नाहीत तेवढ्या."

"दिल्या म्हणून आलं," खाटेवरून आवाज आला.

ठेकेदारणीला हात बदललेला चालत नव्हता, म्हणून त्या पाच जणींनी आपापला हात घरी ठेवून हिचा हात उचलला होता. तीच जुनी साडी पाळीपाळीने डोक्यावरून घ्यायची आणि खिडकीकडे पाठ करून बसायचं.

"नवऱ्यांना पण वळखू येत नाही," काकी म्हणाली. "परवा माझाच खिडकीत येऊन मला विचारतो, वहिनी, आमची कुठं उलथली हो? मी म्हटलं नाहीच. नुसतं बोट केलं, तिकडं. गेला बिचारा तिकडं."

खाटेवरची बाई हसली तेव्हा चेहऱ्याची एकच बाजू हसली.

मी त्यांना विचारलं, मला का नाही सांगितलं? काकीने माझ्या टॅबलेटकडे पाहिलं. "तुम्ही लिहिता ना, म्हणून." आणि मग मला आठवलं. या पाचही जणींच्या दिवसाच्या नोंदी मीच घेतल्या होत्या. प्रत्येकीने त्या तासाबद्दल सांगितलं होतं, शेजारी गेले होते. आणि मी प्रत्येकीपुढे आमच्या यादीतला शब्द निवडला होता: गप्पागोष्टी, विश्रांती.

त्यानंतर मी त्या घरी नेमाने जाऊ लागले. टॅबलेट वाजो न वाजो. खरं तर भीती तिथे संपायला हवी होती. माहीत असूनही ती गेली नाही. मी मागच्या खोलीत बसायचे, पुढे कुणीतरी खाटलीवर बसलेली असायची, आणि खाटेवरची बाई डोळे मिटून ऐकत असायची. पाच जणींचे आवाज तिला वेगळे ओळखू यायचे. मला नाही यायचे. ती सांगायची: काकी टाका घालण्याआधी दोरा चिमटीत धरते. कोपऱ्यावरच्या घरातली श्वास रोखते. बाळंतीण मधेच थांबते, दुधाच्या वेळी. मी कान लावून ऐकायचे, आणि मला एकच हात ऐकू यायचा.

फेब्रुवारीत एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं. मधलं दार लोटून घ्यायला सांगितलं.

"पहाटे कोन बठस?" तिने विचारलं. पहाटे कोण बसतं?

मी म्हणाले, पाचांपैकीच कुणीतरी. तिने मान हलवली. पाचही जणींना तिने विचारलं होतं. पहाटे पाचला एकीचीही पाळी नव्हती. पाणी भरायचं, डबे करायचे. सात वाजल्याशिवाय कुणी मोकळी होत नसे.

"पाच वाजता पुढं दार वाजत नाही. नुसता आवाज सुरू होतो. ताई, तो काकीचा हात नाही. त्या पाच जणींतला कुणाचाच नाही." ती थांबली. बोलणं तिला जड जायचं. "तो मना हात शे, माझा. मी इथं पडलेली असते आणि तिथं मी काम करते ते मला ऐकू येतं."

बाहेर लूम धडधडत होते. मी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो चादरीवर उताणा पडला होता, बोटं जराशी वळलेली, जणू काही धरता धरता राहिलेली.

"त्याला मी भीत नाही," ती म्हणाली. "पण मना हात या घरात दुसऱ्या कुणाला येईल, सांगा ना. रक्ताचा असंल त्यालाच." मुलगी रात्री काकीकडे झोपायची, तिथे माळ्यावर दिवा लावून अभ्यास करता यायचा. मधून एकच भिंत. पहाटे उठून ती इकडे येत असेल तर कुणाला कळणार? "ती बठत असंल, तर हे समदं कशासाठी? तसं असंल तर मी आजच खाटली परत देते. तुम्ही पहाटे पण येता. तुम्ही लिहिता. माले सांगा, ती मनी आंडेर नही शे ना?" ती माझी लेक नाही ना, एवढंच तिला विचारायचं होतं.

मी टॅबलेट उघडला. पहाटेच्या माझ्या फेऱ्या थोड्या होत्या. त्यांतल्या काहींपुढे त्या खिडकीत 'खाटलीवर काम' होतं, काहींपुढे 'अंधार'. पण माझ्या पद्धतीत पहिली नजर चेहरा विचारत नाही.

मी आधी मुलीला गाठलं, शाळेच्या वाटेवर. पहाटे खाटलीवर तू बसतेस का, असं विचारलं.

"मला आरी धरतासुद्धा येत नाही," ती म्हणाली. "मम्मीने कधी हातच लावू दिला नाही. मला वाटलं तुम्हाला माहितीये."

"काय?"

"मम्मीच उठते ना पहाटे." तिने ते इतक्या साधेपणाने सांगितलं की मला तिच्याकडे पाहवेना. "मी माळ्यावरून ऐकते. तिचाच आवाज आहे तो, मला कळत नाही का? मी बघायला जात नाही. बघितलं तर उठायची बंद होईल."

त्या रात्री मी टॅबलेट वाजायची वाट पाहिली नाही. पहाटे पाचच्या आधीच गल्लीत गेले. थंडी उतरत आली होती, हवेला पांडेसऱ्याकडून येणारा आंबूस, उकळत्या रंगाचा वास होता. नळ अजून आले नव्हते. काकीच्या माळ्यावरच्या झरोक्यात उजेड होता, आणि त्या उजेडात मुलीचं डोकं मला स्पष्ट दिसलं, वहीवर वाकलेलं.

आणि त्याच वेळी शेजारच्या खिडकीत ट्यूबलाइट होती. मोहरी रंगाची पाठ होती. टुक्, मग एका श्वासाची जागा, मग टुक्.

मी तिथे किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही, आणि मी तर वेळ मोजायला शिकलेली. परत फिरावं असं फार वाटलं. मुलगी म्हणाली ते खरं असेल तर आपण पाहू नये, असंही वाटलं. पण आतल्या खाटेवर जागी असलेली बाई माझ्या उत्तराची वाट पाहत होती. दार लोटलेलं होतं. मी ते एका बोटाने ढकललं.

आरी थांबली. पदर वळला. त्याच्याखाली दाढीचे खुंट वाढलेला, डोळे तारवटलेला पुरुषाचा चेहरा होता.

नवऱ्याने ओठांवर बोट ठेवलं. त्याने साडी डोक्यावरून काढली, घडी घातली, खाटलीच्या कडेला ठेवली आणि माझ्यामागून चपला हातात घेऊन बाहेर आला. आम्ही गल्लीच्या टोकाशी, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहिलो.

"मी वर गच्चीवर झोपतो," तो कुजबुजला, जणू मी तेच विचारलं होतं. "दिवसपाळी असली की सातला कामावर जायचं असतं. त्याच्या आधी बसतो थोडं. ह्या बायांवर किती टाकायचं?"

"पण तुम्हाला हे येतं कसं?"

त्याने टाकीची ठिबकणारी तोटी घट्ट केली.

"रातपाळी करून आलो की दिवसा पुढच्या खोलीत पडायचो. लूमच्या आवाजात झोप येते होय? डोळे उघडेच. समोर हिचा हात. पंधरा वर्षं दुसरं काय बघितलं मी?"

माझ्या नोंदींमध्ये, त्याच्याच तोंडच्या, त्या सगळ्या दुपारी 'झोप' म्हणून लिहिलेल्या होत्या.

मी त्याला म्हणाले, त्यांना सांगा. त्या घाबरल्यात. त्यांना वाटतंय मुलगी बसते. त्याने घाईने मान हलवली.

"पोर नाही बसत एवढं सांगा. माझं नका सांगू. पोर बसंल असं मीच बोललो होतो तिला, ती पडलेली असताना. आता कोणत्या तोंडानं?" चपला पायात घालत तो पुढे म्हणाला, "आणि कारखान्यात कळलं तर बांगड्या आणून देतील. तुमच्यात पण लिहू नका. त्या टायमाला मी झोपलेलो असतो. लिहा, झोप."

त्याला सहाची शेअर रिक्षा धरायची होती. तो गेला. मी दुपारपर्यंत थांबून आत गेले आणि खाटेवरच्या बाईला सांगितलं की पहाटे खाटलीवर तुमची मुलगी नसते. ती माळ्यावर वही घेऊन बसलेली मी डोळ्यांनी पाहिली.

तिने डोळे मिटले. चेहऱ्याची चांगली बाजू सैल पडली.

"मग कोन शे?"

"पाठ होती," मी म्हणाले. "चेहरा दिसला नाही."

त्या गल्लीत मी बोललेलं ते पहिलं खोटं. ती माझ्याकडे पाहत राहिली, खूप वेळ, त्याच नजरेने जिने ती आवाज पाहायची. "बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

प्राध्यापिकांना मी पाच जणींच्या नोंदी बदलून पाठवल्या. 'गप्पागोष्टी' खोडून 'दुसऱ्या घरचं काम, विनामोबदला' असं केलं आणि कारण लिहिलं. त्यांनी फोनवर मला ते कारण पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, आपली यादीच चुकली होती. पहाटेबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही. त्या माणसाच्या पाच ते सहाच्या रकान्यांत आजही झोप आहे.

मार्चमध्ये परीक्षा सुरू झाली. पहिला पेपर मराठीचा. सकाळी बाप सायकल घेऊन दाराशी उभा होता. त्याने त्या दिवशी पाळी बदलून घेतली होती. काकीने मुलीच्या तळहातावर दही-साखर ठेवली. पाचही जणी उंबऱ्यात जमल्या होत्या, एकीच्या कडेवर बाळ. कितीतरी दिवसांनी खाटली रिकामी होती, आणि ठेकेदारीण त्या दिवशी आली नव्हती. मुलगी मागच्या खोलीत जाऊन आईच्या पाया पडली, बाहेर आली, सायकलच्या मागे बसली. सायकल वळणावरून दिसेनाशी झाली.

मग आतून हाक आली. तिला उठून बसायचं होतं, पुढे, खाटलीपाशी. आम्ही तिला दोघी-तिघींनी उचललं, भिंतीला उशी लावून टेकवलं. तिने डाव्या हाताने कापडाच्या काठावर बोट ठेवलं, अगदी सुरुवातीला, आणि ते डोळे मिटून पुढे सरकवू लागली. माझ्या डोळ्यांना तो काठ अखंड एका हाताचा होता. तिचं बोट मात्र थांबत थांबत जात होतं.

"हाई तुनं," हे तुझं, ती काकीला म्हणाली. बोट सरकलं. "हाई तुनं. आठे बाळ रडनं तुनं." इथे तुझं बाळ रडलं, हे ऐकून बाळंतीण लाजली. काकी म्हणाली, "घ्या, आता हजेरी घेते." बोट पुढे गेलं आणि एका जागी थांबलं. वीतभर काठ होता तो. तिने त्याच्यावरून बोट एकदा पुढे नेलं, मग मागे, मग पुन्हा पुढे, आंधळ्याने चेहरा चाचपावा तसं.

बायका वाकून बघू लागल्या. हे माझं नाही, एक म्हणाली. माझं पण नाही. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि खोलीत जे हसू होतं ते हळूच ओसरलं. काकीने नकळत पदर खांद्यावर ओढून घेतला.

बाईने आपला पूर्ण तळहात त्या वीतभर कापडावर पसरला आणि तसाच ठेवला.

"हाई मनं शे," ती म्हणाली. हे माझं आहे.

"तू कव्हय बठनी वं?" काकीचा आवाज बारीक झाला होता. तू कधी बसलीस गं?

"रोज," ती म्हणाली. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि किती वाजले ते विचारलं. दहाला पाच कमी होते. पोरीच्या हातात आता पेपर पडत असंल, ती म्हणाली, आणि हात न उचलता तशीच बसून राहिली.